दोन बुलबुल आणि त्यांची संरक्षणस्थिती : चंदगडच्या वनसीमेवरील एक तुलना

कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकास असलेला चंदगड तालुका भूगोलाच्या दृष्टीने एक संधिप्रदेश आहे. पूर्वेस बेळगावच्या बाजूचे सपाट व तुलनेने कोरडे पठार, पश्चिमेस तिलारीच्या खोऱ्यात एकदम उतरणारा सह्याद्रीचा कडा आणि त्यापलीकडे दोडामार्ग व गोवा, असा हा मांडणीक्रम आहे. ताम्रपर्णी व घटप्रभा या पूर्ववाहिनी नद्या याच भागातून वाहतात. पारगड, कलानंदीगड, गंधर्वगड व महिपाळगड हे किल्ले याच मुलखात उभे आहेत. तालुक्याच्या पूर्व भागात ऊस, भात व नाचणी यांची शेते, मधल्या पट्ट्यात काजूच्या बागा आणि पश्चिमेस सदाहरित व निमसदाहरित वने असे वनस्पतिजीवनाचे तीन थर थोड्याच अंतरात ओलांडता येतात. ज्या ठिकाणी परिसर इतक्या त्वरेने पालटतो, त्या ठिकाणी जवळच्या नात्यातील दोन प्राणिजातींची तुलना विशेष उद्बोधक ठरते. कारण परिसरातील कोणता बदल कोणत्या जातीस मानवतो व कोणत्या जातीस सोसवत नाही, हे तेथे डोळ्यांसमोर दिसू शकते.

प्रस्तुत लेखात तुलनेसाठी बुलबुल कुलातील दोन जाती घेतल्या आहेत. पहिली शिपाई बुलबुल (पिक्नोनोटस जोकोसस) आणि दुसरी राखी डोक्याचा बुलबुल (ब्रॅकिपोडिअस प्रिओसेफॅलस). पहिली जाती चंदगडच्या बाजारपेठेतील परसातही आढळते. दुसरीचे वसतिस्थान म्हणजे गोव्यापासून दक्षिणेकडे पसरलेली सह्याद्रीची दमट वने. चंदगडचा पश्चिम कडा या पट्ट्याच्या उत्तर टोकाच्या उंबरठ्यावर येतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत पहिल्या जातीची गणना ‘अल्पचिंता’ या वर्गात होते; दुसरी दीर्घकाळ ‘संकटसमीप’ या वर्गात नोंदली गेलेली आहे. हा भेद कशामुळे पडतो, तो किती अर्थपूर्ण आहे आणि चंदगडसारख्या प्रदेशाच्या बाबतीत त्यावरून काय निष्कर्ष काढता येतो व काय काढता येत नाही, हे स्पष्ट करणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

१. ‘गाणारे पक्षी’ ही संज्ञा

प्रथम एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. ‘गाणारे पक्षी’ हा शब्द व्यवहारात मधुर कंठाच्या पक्ष्यांना लावला जातो. परंतु पक्षिशास्त्रात तो एका शारीरिक रचनेचा निदर्शक आहे. श्वासनलिकेच्या खालच्या टोकास, जेथे ती दोन शाखांत विभागते तेथे, पक्ष्यांचे स्वरयंत्र असते. या यंत्रास हालविणारे स्नायू ज्या गणविभागात विशेष विकसित झालेले असतात, तो गाणाऱ्या पक्ष्यांचा विभाग होय. या विभागातील पक्ष्यांचे पुष्कळसे गान उपजत नसून पिलाने प्रौढांकडून ऐकून आत्मसात केलेले असते. या व्याख्येप्रमाणे कावळाही गाणारा पक्षी ठरतो आणि कोकीळ ठरत नाही. दोन्ही बुलबुल या विभागात निःसंशय मोडतात. मात्र त्यांच्या कंठांत पुष्कळ अंतर आहे. शिपाई बुलबुलाचे तीन-चार स्वरांचे, उत्साही व ठसकेबाज बोल दूरवर ऐकू येतात. राखी डोक्याच्या बुलबुलाचा स्वर तीक्ष्ण व तुटक असून तो दाट झुडपांतून येतो. या अंतराचे महत्त्व केवळ सौंदर्यदृष्टीचे नाही. ज्याचा कंठ मोहक त्यास पिंजरा लाभतो आणि ज्याचा कंठ अनाकर्षक तो निरीक्षकाच्या नजरेतून निसटतो. दोहोंचे परिणाम पुढे येतीलच.

२. शिपाई बुलबुल

लिनियसने १७५८ साली या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या नावातील ‘जोकोसस’ या लॅटिन पदाचा अर्थ खेळकर असा आहे व पक्ष्याच्या स्वभावास तो शोभतो. लांबी सुमारे २० सें.मी. असते. डोक्यावर पुढे झुकलेला काळा टोकदार तुरा, पांढरे गाल, डोळ्यामागे लाल ठिपका आणि शेपटीखाली लाल रंग ही ओळखण्याची चिन्हे आहेत. लहान पिलांत डोळ्यामागील लाल ठिपका नसतो व शेपटीखालचा रंगही फिकट, नारिंगी छटेचा असतो. पश्चिम भारतात आढळणाऱ्या उपजातीत छातीवरील गडद पट्टा जवळजवळ पूर्ण असतो व शेपटीच्या टोकांवर अन्य उपजातींत दिसणारा पांढरा रंग नसतो.

या जातीचे मूळ वास्तव्य भारतापासून आग्नेय आशिया व दक्षिण चीनपर्यंत आहे. वनांच्या कडा, झुडपी माळ, बागा, मळे व गावठाणे ही तिची आवडती स्थाने. घनदाट वनाच्या अंतर्भागात ती विरळ असते. परंतु त्या वनात वाट पडली, झाडे तुटून उजेड शिरला, की ती तेथे पोचते. तिच्या आहारात करवंद, जांभूळ, उंबर यांसारखी फळे, फुलांतील मधुरस व कीटक यांचा समावेश होतो. घाणेरीसारख्या परदेशी झुडपाची फळेही ती आवडीने खाते. घरटे जमिनीपासून फारसे उंच नसते. झुडपात, कुंपणात किंवा घराच्या ओसरीलगतच्या वेलीतही ते आढळते. अंडी साधारणतः दोन ते तीन असतात व ती उबविण्यास सुमारे बारा दिवस लागतात.

या पक्ष्याची लवचीकता त्याच्या मूळ प्रदेशाबाहेरच्या इतिहासात अधिक ठळकपणे दिसते. मॉरिशस बेटावर तो १८९२ साली मनुष्याने नेला. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याचे बस्तान बसत गेले. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात १९६० साली पिंजऱ्यातून सुटलेल्या काही पक्ष्यांपासून त्याची वस्ती निर्माण झाली आणि रीयुनिअन बेटावर तो १९७२ साली पोचला. मॉरिशस व रीयुनिअन येथे तो उपद्रवी मानला जातो, कारण परदेशी तणांची बीजे तो मूळच्या वनात वाहून नेतो. एकाच पक्ष्यास आपल्या देशात कायद्याचे संरक्षण आणि दूरच्या बेटावर निर्मूलनाची धमकी, असा हा विचित्र योग आहे.

३. राखी डोक्याचा बुलबुल

या जातीचे वर्णन टी. सी. जर्डन यांनी १८३९ साली केले. भारतातील पक्ष्यांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत जर्डन यांची गणना होते. ही जाती पुढे दीर्घकाळ पिक्नोनोटस या मोठ्या प्रजातीत समाविष्ट होती. रेणवीय पुराव्याच्या आधारे बुलबुलांच्या वंशवृक्षाची अलीकडे जी पुनर्रचना झाली, तीनुसार तिला ब्रॅकिपोडिअस या प्रजातीत स्थान मिळाले आहे. म्हणजे शिपाई बुलबुलाशी तिचे नाते पूर्वी समजले जात होते तितके निकटचे नाही. कूळ मात्र एकच आहे.

आकाराने हा पक्षी शिपाई बुलबुलापेक्षा किंचित लहान आहे. डोक्यास तुरा नाही. डोके राखी, कपाळ हिरवट पिवळे, शरीर शेवाळी हिरवे व डोळे निळसर पांढरे असतात. पाठीच्या खालच्या भागावर काळ्या व पिवळसर आडव्या रेषा असतात. हिरव्या पानांच्या गर्दीत हे रंग इतके मिसळून जातात की पक्षी दहा पावलांवर असूनही दिसत नाही.

तो फक्त पश्चिम घाटात आढळतो. पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नाही. गोव्यापासून दक्षिणेस केरळ व तमिळनाडूच्या डोंगरांपर्यंत, सुमारे १२०० मीटर उंचीपर्यंतच्या सदाहरित वनांत त्याचा वावर असतो. त्यातही त्याची आवड अधिक नेमकी आहे : ओलसर जागा, ओढ्याकाठची दाट झुडपे व बांबूची बेटे. दक्षिणेकडे बोरूसारख्या बारीक बांबूच्या जाळ्यांशी त्याचे साहचर्य विशेष नोंदले गेले आहे. केरळातील सायलेंट व्हॅलीत त्याच्या प्रजननाचा जो बारकाईने अभ्यास झाला, त्यातून त्याच्या जीवनक्रमाचे चित्र मिळते. वीण प्रामुख्याने पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत होते. घरटे लहान रोपट्यांवर किंवा बांबूच्या जाळीत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असते. अंडी एक किंवा दोन. उबविण्याचा काळ १२ ते १४ दिवस आणि पिले घरट्यात राहण्याचा काळ ११ ते १३ दिवस.

चंदगडच्या कड्यावर ज्या घळींतून ओढे तिलारीच्या खोऱ्यात उतरतात, तेथे वर दाट छत्र व खाली ओलसर झुडपे अशी रचना आढळते. या जातीचा शोध घ्यावयाचा असल्यास तो अशा घळींत, ओढ्याच्या काठाने घ्यावा लागेल; सड्यांवर अथवा काजूच्या बागांत नव्हे.

४. एका अंड्याचे गणित

वरवर पाहता दोन जातींतील एक-दीड अंड्याचा फरक क्षुल्लक वाटेल. त्याचे वजन समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. उबविण्याचे १३ व पिलांचे १२ असे मिळून घरट्याचा काळ २५ दिवसांचा मानावा. साप, खारी, माकडे व कावळे यांपासून घरटे एक दिवस सुखरूप राहण्याची संभाव्यता ०.९७ असेल, तर संपूर्ण काळ ते सुखरूप राहण्याची संभाव्यता ०.९७ चा २५ वा घात, म्हणजे सुमारे ०.४७ होते. वनात वाट पडली, झुडपे विरळ झाली, घरटे उघडे पडले व ही दैनिक संभाव्यता ०.९५ वर आली, तर एकूण संभाव्यता ०.२८ इतकी खाली येते. दिवसाकाठी दोन शतांशांचा बदल, पण अखेरीस यशाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर.

आता अंड्यांची सरासरी घालून पाहावी. दर घरट्यास सरासरी अडीच अंडी घालणाऱ्या जातीस बिघडलेल्या स्थितीतही दर प्रयत्नामागे ०.६९ पिले मिळतात. दीड अंडे घालणाऱ्या जातीस चांगल्या स्थितीत ०.७० व बिघडलेल्या स्थितीत केवळ ०.४२ पिले मिळतात. म्हणजे एका जातीची वाईट अवस्था ही दुसरीच्या चांगल्या अवस्थेइतकी आहे. हे आकडे केवळ तत्त्व समजावण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्ष जीवनात वर्षातून किती वेळा वीण होते व प्रौढ पक्षी किती वर्षे जगतात यांवरही पुष्कळ अवलंबून असते. तथापि, सारखाच आघात दोन जातींवर सारखाच परिणाम करीत नाही, ही गोष्ट त्यांवरून स्पष्ट होते. शिवाय शिपाई बुलबुलास घरटे बांधण्यास कुंपणही चालते. राखी डोक्याच्या बुलबुलास जागेचा पर्यायच थोडा आहे.

५. लाल यादीचे वर्ग कसे ठरतात

लाल यादीतील वर्ग हे केवळ कौतुकाने अथवा भीतीने दिलेले नसतात. त्यांमागे पाच कसोट्या आहेत. पहिली, संख्येत झालेली घट. दुसरी, भौगोलिक क्षेत्र लहान असून त्यात तुटकपणा व ऱ्हास असणे. तिसरी, संख्या थोडी व घटती असणे. चौथी, संख्या अत्यंत थोडी असणे. आणि पाचवी, नामशेष होण्याच्या संभाव्यतेचे गणिती अनुमान. यांपैकी एक कसोटी जरी पूर्ण झाली तरी जाती संकटाच्या वर्गात जाते. संकटाची पहिली पायरी म्हणजे ‘असुरक्षित’ हा वर्ग. त्यासाठी दहा वर्षांत अथवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ दीर्घ असेल त्यात, संख्या सामान्यतः ३० टक्क्यांनी घटलेली असावी लागते. किंवा विस्तारक्षेत्र २०,००० चौ.कि.मी.पेक्षा कमी असून जोडीस तुटकपणा व ऱ्हास असावा लागतो. किंवा प्रौढ व्यक्तींची संख्या १०,००० पेक्षा कमी व घटती असावी लागते. या मर्यादांच्या अगदी जवळ आलेली जाती ‘संकटसमीप’ आणि त्यांपासून दूर असलेली ‘अल्पचिंता’ या वर्गात मोडते.

या व्याख्या लक्षात घेता दोन्ही पक्ष्यांचे स्थान समजते. शिपाई बुलबुलाचे क्षेत्र प्रचंड व संख्या मोठी आहे. त्याची संख्या काही भागांत घटत असली, तरी ती घट मर्यादेपर्यंत पोचत नाही. राखी डोक्याच्या बुलबुलाचा प्रदेश अरुंद पट्ट्याएवढा आहे आणि वसतिस्थानाच्या ऱ्हासामुळे त्याची संख्या घटत असल्याचे अनुमान आहे. म्हणून तो उंबरठ्यावर ठेवला गेला.

परंतु येथेच एक पद्धतिशास्त्रीय सावधगिरी हवी. विस्तारक्षेत्र मोजताना जातीच्या ज्ञात स्थानांना बाहेरून वेढणारी एक बहुभुज आकृती काढली जाते. गोव्यापासून केरळच्या दक्षिण भागापर्यंत अशी आकृती काढली, तर तिच्यात वनांबरोबर शहरे, भातशेती, चहा-कॉफीचे मळे व धरणांचे जलाशय हे सर्व येतात. आकृतीचे क्षेत्रफळ २०,००० चौ.कि.मी.ची मर्यादा सहज ओलांडते. पक्ष्याला मात्र त्यातील ओलसर घळीच उपयोगी असतात. पश्चिम घाटातील १८ प्रदेशनिष्ठ पक्ष्यांच्या बाबतीत नागरिकांनी नोंदविलेल्या निरीक्षणांच्या आधारे जो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात १७ जातींची प्रत्यक्ष क्षेत्रे अधिकृत नकाशांत दाखविलेल्या क्षेत्रांपेक्षा लहान असल्याचे दिसून आले आणि अनेक जातींचा वर्ग वाढवावा अशी शिफारस करण्यात आली. तात्पर्य, ‘संकटसमीप’ या शब्दाकडे निश्चित निदान म्हणून नव्हे, तर उपलब्ध मोजपट्टीने घेतलेले वाचन म्हणून पाहिले पाहिजे.

६. ‘अल्पचिंता’ म्हणजे निर्धास्तपणा नव्हे

दुसऱ्या बाजूने, ‘अल्पचिंता’ या वर्गाचाही चुकीचा अर्थ लावला जातो. हा वर्ग संपूर्ण जगातील स्थितीविषयी बोलतो. एखाद्या प्रांतातील स्थितीविषयी तो मौन असतो. थायलंडच्या दक्षिण भागात शिपाई बुलबुलाच्या गानस्पर्धांची परंपरा आहे. त्यांसाठी रानातून इतके पक्षी पकडले गेले की पूर्वी जेथे ते विपुल होते अशा पुष्कळ ठिकाणांहून ते दिसेनासे झाले. येथे पक्ष्याचे वसतिस्थान शाबूत होते व अन्न मुबलक होते. नडला तो त्याचा कंठ. भारतात देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून पूर्ण बंदी आहे. ती नसती, तर आपल्याकडेही या सामान्य पक्ष्याची कथा निराळी झाली असती, असे मानण्यास जागा आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात बुलबुलांचे संपूर्ण कूळ एकाच नोंदीने चौथ्या अनुसूचीत समाविष्ट केलेले होते. अर्थात सर्वत्र दिसणारा शिपाई बुलबुल व पश्चिम घाटाबाहेर कोठेही नसलेला राखी डोक्याचा बुलबुल यांत कायद्याने भेद केलेला नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची पुनर्रचना केली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तथापि, पक्ष्यास पकडणे वा मारणे यांवरील बंदी आणि पक्ष्याच्या घराचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिपाई बुलबुलास मुख्यतः पहिलीची गरज आहे; राखी डोक्याच्या बुलबुलास पहिली जवळजवळ निरुपयोगी व दुसरी अत्यावश्यक आहे. पिंजऱ्यासाठी त्यास कोणी पकडीत नाही. त्याची जाळी तोडली जाते.

भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९४२ जातींचे मूल्यमापन असून त्यांपैकी १७८ जाती उच्च संरक्षण-अग्रक्रमाच्या ठरविल्या आहेत. त्या अहवालाचा एक सर्वसाधारण निष्कर्ष येथे उपयोगी आहे : अनेक प्रकारच्या परिसरांत निर्वाह करू शकणाऱ्या जाती टिकून आहेत, तर एका विशिष्ट परिसरावर अवलंबून असणाऱ्या जाती मागे पडत आहेत. फलाहारी पक्षी एकंदरीत बऱ्या स्थितीत आहेत, असेही त्यात म्हटले आहे. हे दोन्ही बुलबुल फलाहारी आहेत. म्हणून ‘फलाहारी’ या एका शब्दाखाली त्यांची बेरीज केल्यास एकाची समृद्धी दुसऱ्याचे दारिद्र्य झाकून टाकील. सरासरीचा हा धोका प्रत्येक अभ्यासकाने ध्यानात ठेवावयास हवा.

७. चंदगडची स्थिती

चंदगडच्या वनांपुढे असलेले प्रश्न सर्वपरिचित आहेत. तालुक्यातील वनाच्छादित जमिनीचा काही भाग खाजगी मालकीचा आहे. काजूच्या लागवडीने अनेक कुटुंबांस स्थैर्य दिले, ही गोष्ट नाकारता येणार नाही. परंतु काजूची बाग म्हणजे वन नव्हे. बागेत जमीन साफ ठेवली जाते आणि खालच्या थरातील झुडपे, म्हणजे नेमका राखी डोक्याच्या बुलबुलाचा आसरा, प्रथम नाहीशी होतात. शिपाई बुलबुल अशा बागेत सुखाने राहतो. कड्याच्या खाली दोडामार्ग भागात रबर व अननस यांच्या मोठ्या लागवडींसाठी वनतोड झाली. सावंतवाडी व दोडामार्ग या तालुक्यांतील वृक्षतोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली बंदीचा आदेश दिला होता, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

संरक्षणाच्या दिशेने काही पावलेही पडली आहेत. २०२० साली तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्य वन्यजीव मंडळाने सह्याद्रीतील आणखी काही संवर्धन राखीव क्षेत्रांस मान्यता दिली. त्यांत सुमारे २२५ चौ.कि.मी. विस्ताराचे चंदगड क्षेत्र होते. संवर्धन राखीव ही कल्पना अभयारण्याहून वेगळी आहे. ती शासकीय मालकीच्या भूमीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून अमलात आणली जाते. तेथे राहणाऱ्यांचे हक्क त्यामुळे संपुष्टात येत नाहीत आणि व्यवस्थापनास सल्ला देणाऱ्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. उत्तरेस राधानगरी व दक्षिणेस गोवा-कर्नाटकातील अभयारण्ये यांमधील वनांचा दुवा टिकविण्याच्या दृष्टीने या क्षेत्राचे मोल मोठे आहे. वाघ व हत्ती यांच्या संचारमार्गाचा विचार येथे होतोच. परंतु ओढ्याकाठच्या जाळीबाहेर क्वचितच पडणाऱ्या पक्ष्यासाठी दुवा अधिकच अखंड हवा. वाघ रात्रीत शेत ओलांडू शकतो. दाट झुडपाच्या आश्रयाने वावरणाऱ्या लहान पक्ष्यास तेवढीच मोकळी जागा भिंतीसारखी ठरू शकते.

क्षेत्राच्या सीमेवरील समुदायांना आणखी एक महत्त्व असते. कोणत्याही जातीच्या प्रदेशाच्या टोकास परिस्थिती तिच्या सहनशक्तीच्या मर्यादेजवळ असते. उत्तरेकडे जाताना पाऊस वर्षातील थोड्याच महिन्यांत एकवटत जातो व कोरडा काळ लांबत जातो. हवामानात पालट झाल्यास प्रदेश आक्रसू लागण्याची वा सरकण्याची पहिली चिन्हे टोकासच दिसण्याची शक्यता असते. या दृष्टीने तिलारीच्या खोऱ्याचा व चंदगडच्या कड्याचा भाग हा एक नैसर्गिक तापमापक आहे.

८. अभ्यासाची दिशा

कोकणच्या दक्षिण भागातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी जी. डब्ल्यू. विडाल यांनी १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या काळच्या याद्यांतून ‘जाती आढळते’ एवढे कळते. ‘किती’ व ‘कोठे नाही’ हे कळत नाही. आजच्या अभ्यासास नेमकी हीच माहिती हवी.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज पेलेल असा एक आराखडा येथे सुचविता येतो. कड्यावरील घळी, देवराया, काजूच्या बागा व पूर्वेकडील शेतजमीन अशा चार प्रकारच्या परिसरांत ठराविक बिंदू निश्चित करावेत. प्रत्येक बिंदूवर सकाळच्या वेळी ठराविक मिनिटे थांबून दिसलेल्या व ऐकलेल्या सर्व बुलबुलांची अंतरासह नोंद करावी. छत्राची घनता, खालच्या थरातील झुडपांची उंची, बांबूचे अस्तित्व व पाण्यापासूनचे अंतर यांची मोजणी करावी. पक्षी न आढळल्यास तीही नोंद तितक्याच काटेकोरपणे करावी.

येथे शोधसंभाव्यतेचा विचार अपरिहार्य आहे. एखाद्या जागी राखी डोक्याचा बुलबुल वस्तुतः असताना एका भेटीत तो लक्षात येण्याची संभाव्यता ०.३ धरली, तर तीन भेटींत तो एकदा तरी सापडण्याची संभाव्यता सुमारे ०.६६ होते. ती ०.९४ वर नेण्यासाठी आठ भेटी लागतात. अर्थात तीन भेटींनंतर ‘येथे हा पक्षी नाही’ असे लिहिणारा अभ्यासक तीनांतून एका खेपेस चुकेल. बडबड्या शिपाई बुलबुलाच्या बाबतीत ही अडचण जवळजवळ उद्भवतच नाही. दोन जातींच्या नोंदींची संख्या सरळ ताडून पाहणे त्यामुळेच अशास्त्रीय ठरते; नोंदींतील फरक काही अंशी पक्ष्यांचा असतो व काही अंशी कानांचा.

फळांच्या व बीजांच्या नोंदीही याच कामात घेता येतील. दोन्ही पक्षी बीजवाहक आहेत. पण एक वनाच्या कडेने व वस्तीत फिरतो, दुसरा वनाच्या आत. वनाच्या कडेवर घाणेरी वाढविण्यात शिपाई बुलबुलाचा हात किती आणि घळीतील झुडपांची रोपे रुजविण्यात राखी डोक्याच्या बुलबुलाचा वाटा किती, हे कळल्यास वनसंवर्धनाच्या कामास प्रत्यक्ष उपयोग होईल. एखाद्या घळीतून दुसरा पक्षी नाहीसा झाल्यावर पहिला त्याची जागा घेईल, अशी समजूत करून घेणे योग्य नाही. तो तेथे येईल खरा; परंतु येताना तो बाहेरची बीजे घेऊन येईल.

समारोप

वरील तुलनेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, संरक्षणस्थितीचा वर्ग हा जातीच्या जीवनक्रमाशी, म्हणजे तिच्या अंड्यांच्या संख्येशी, घरट्याच्या जागेशी व परिसराच्या निवडीशी जोडूनच वाचला पाहिजे. दोन, जागतिक वर्गावरून स्थानिक निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे; ‘अल्पचिंता’ असलेला पक्षी एखाद्या प्रांतातून नाहीसा होऊ शकतो आणि ‘संकटसमीप’ पक्षी वास्तविक अधिक संकटात असू शकतो. तीन, दोन जातींवरील संकटे भिन्न असल्यामुळे उपायही भिन्न असले पाहिजेत. शिपाई बुलबुलासाठी व्यापारबंदीची अंमलबजावणी जारी राहिली तरी पुष्कळ साधते. राखी डोक्याच्या बुलबुलासाठी मात्र ओढ्याकाठची झुडपे, बांबूची बेटे व त्यांना जोडणारी वनाची सलग पट्टी राखावी लागेल.

चंदगडच्या परसात शिपाई बुलबुलाचा तुरा डोलताना दिसतो, म्हणून तेथील पक्षिजीवन सुस्थितीत आहे असा निर्वाळा देता येणार नाही. तो निर्वाळा कड्याखालच्या घळींतूनच मिळावयास हवा. आणि तो मिळविण्यासाठी एकाच घळीत आठ वेळा जाऊन, प्रत्येक वेळी शांतपणे उभे राहून ऐकण्याची तयारी असावी लागेल.